एकोणीस दिवसांचं पथ्य

आई,

काल तुमचं तेरावं झालं. मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि पातेली परत गेली. गल्लीतल्या बायकांनी ओटी धुऊन दिली, आणि जाताना प्रत्येकीने माझ्या पाठीवरून हात फिरवून एकच वाक्य म्हटलं, "आईचं लय केलंस गो तू." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

मी तुमचं काय केलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुठेतरी रडून-बिडून मी ते टाळणार नाही. आई, तुम्हाला लिंबू चालत होतं. डॉक्टरांनी ते बंद केलंच नव्हतं. बंद मी केलं होतं, माझ्या मनाने. आणि माझी चूक मला कळल्यावर तुम्ही आणखी एकोणीस दिवस होतात. त्या एकोणीस दिवसांत मी तुम्हाला ते सांगितलं नाही.

झालं. आता बाकीचं.

सतरा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन कोरेगावहून घणसोली गावात आले, तेव्हा या घराच्या स्वयंपाकघरात मला पहिली गोष्ट दिसली ती खिडकीतली लिंबांची परडी. घरं इतकी चिकटून की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मी आपल्याच समजून गॅस बंद करायची. त्या खिडकीतून ऊन यायचं ते जेमतेम तासभर, आणि तेवढ्या उन्हात तुम्ही परडी सरकवत राहायचात. मी बीएस्सी केमिस्ट्री, पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात नुकतीच लॅबमध्ये लागलेली. सरबताची पावडर बनवणारा कारखाना. दिवसभर मी आंबटपणा मोजायची. थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की आकडा लिहायचा. पहिल्या आठवड्यात मी कौतुकाने तुमच्यासाठी एक पाकीट घेऊन आले. तुम्ही ते उलटंपालटं केलं, वासही घेतला.

"यात लिंबू किती हाय?"

"लिंबू नसतं आई. सायट्रिक ॲसिड असतं. आणि लिंबाचा वास."

"लिंबू नाय? मंग सरबत कसला गो?"

तुम्ही इतक्या हसलात की पदर तोंडाला लावावा लागला. पुढे सतरा वर्षं गल्लीत माझी ओळख तुम्ही तशीच करून दिलीत. "आमची सून. बिनलिंबवाचा सरबत करते." मला तेव्हा राग यायचा. खोटं कशाला बोलू, अगदी परवा-परवापर्यंत यायचा.

लिंबू कापायचं कसं, हेही मला तुम्हीच शिकवलंत. मी आपली मधोमध दोन फोडी करणारी. तुम्ही आधी लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवायचात, ते मऊ पडलं की मधला कणा सोडून कडेकडेने चार चकत्या काढायचात. बिया सगळ्या त्या कण्यालाच राहायच्या. एक बी ताटात पडत नसे. तो उरलेला कणा भाताच्या आधणात पिळायचात, म्हणजे भात पांढरा आणि मोकळा. साली मीठ लावून पितळी समई घासायला. मासे साफ करून झाले की सालीनेच हात चोळायचात आणि मग तोच हात माझ्या नाकाशी धरायचात, "बघ, येते का वास?" लाडवाचा पाक साखरेने परत घट्ट होऊन बसायला लागला की त्यात दोन थेंब. पापलेटाला हळद-मिठाआधी लिंबू, आणि तळून झाल्यावर परत लिंबू. मी म्हणायचे, दोनदा कशाला? तुम्ही म्हणायचात, पहिला वासासाठी, दुसरा जिभेसाठी.

आपली भांडणंही बहुतेक लिंबावरूनच झाली. बाकी सासवा-सुनांची कशावरून होतात कोण जाणे. मी सकाळी उठून कडकडीत पाण्यात लिंबू-मध घ्यायला लागले, वजन उतरतं म्हणून कोणीतरी ग्रुपवर पाठवलं होतं. तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. "उकल्या पान्यात टाकून त्याचा जीव कनाला घेतेस? थंड होऊ दे, मंग पिल." मी वर तोंड करून म्हटलं, तुम्हाला काय माहीत. आणि लॅबमध्ये बसल्यावर मलाच आठवलं की क जीवनसत्त्व उष्णतेने जातं, हे मी कॉलेजात परीक्षेला लिहून आले होते. घरी येऊन तुम्हाला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी गुपचूप कोमट केलं. वजन काही उतरलं नाही, ते सोडा.

आर्या पोटात होती तेव्हा माझं रक्त कमी झालं होतं. मला गोळ्या पचत नव्हत्या. तुम्ही रोज लाल माठ नाहीतर मसूर करायचात आणि ताट माझ्या हातात देण्याआधी वरून लिंबू पिळायचात. मला त्या वासाने मळमळायचं, मी ताट सरकवायची, तुम्ही परत पुढे करायचात. "याच्याबिगर भाजीतला रगत अंगाला नाय लागत." अडाणीपणा, मी मनात म्हणायचे. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाजीवर लिंबू पिळत जा, त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. मी "हो मॅडम" म्हटलं. बाहेर बाकावर तुम्ही पिशवी घेऊन बसला होतात. "काय बोल्ली?" विचारलंत. "सगळं नॉर्मल आहे" म्हटलं मी.

बघा ना आई, सवय जुनीच आहे. तुमचं बरोबर निघालं की ते माझ्या तोंडातून कधी बाहेर पडायचं नाही.

आणि लोणच्याचं भांडण तर अर्धवटच राहिलं. माझ्या माहेरचं लिंबाचं लोणचं गोड, साखरेत मुरलेलं, उपासाला चालणारं. तुमचं तिखटजाळ, मिठात काळं पडलेलं, ताप आलेल्याच्या जिभेला चव आणणारं. फडताळात दोन बरण्या, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दोन्ही चाखवून "कंचा चांगला?" असं विचारून तुम्ही त्या बिचाऱ्याला अडचणीत टाकायचात. हरेश तुमचा मुलगा आणि माझा नवरा, म्हणून तो कधीच उत्तर देत नसे. फोन आल्यासारखं करून बाहेर जायचा. शेवटी कोण जिंकलं ते ठरलंच नाही. आज मी तुमच्या बरणीला मत दिलं असतं. पण आज कोणीच विचारत नाही.

मग तुमच्या किडन्यांचं निघालं. वाशीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की किडन्या थकल्या आहेत, डायलिसिस अजून लांब आहे, जपलं तर लांबच राहील. त्यांनी एक कागद दिला. मीठ कमी. सुके मासे, पापड, लोणचं बंद. शहाळं बंद. फळं विचारून. बस्स, एवढंच होतं त्या कागदावर. तुम्ही सुकटीवर आणि बोंबलावर वाढलेल्या, त्या कागदाने तुमचं अर्धं ताट काढून घेतलं. तुम्ही नुसतं "बरा" म्हटलंत.

घरी येऊन तो कागद मी स्वच्छ अक्षरात उतरवून फ्रिजवर लावला. आणि खाली एक ओळ स्वतःची घातली. "आंबट बंद. लिंबू, चिंच, कोकम."

मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आमच्याकडे कोरेगावला माणूस आजारी पडला की पहिलं आंबट बंद व्हायचं. खोकला असो, कावीळ असो, ऑपरेशन असो, डॉक्टरांच्या आधी माझी आई "आंबट नको हं" म्हणून मोकळी. तेच माझ्या हाडात बसलेलं. त्यावर मी केमिस्ट. फळं विचारून म्हणजे पोटॅशियमची भीती, लिंबू हे फळ, म्हणजे लिंबू बंद. लोणचं बंद, म्हणजे लोणच्यातलं लिंबू बंद. दोन पायऱ्यांत मी उत्तर काढलं आणि एकदाही कोणाला विचारलं नाही. लॅबमध्ये मी एकच नमुना तीनदा तपासते. तीन आकडे जुळल्याशिवाय सही करत नाही. तुमच्या ताटावर मात्र न तपासता सही केली.

पुढचे चार महिने मी तुमचं पथ्य असं काही सांभाळलं की गल्लीत उदाहरण द्यायला लागले. तुमची भाजी वेगळी, वरण वेगळं, मीठ चमच्याने मोजून. खिडकीतली परडी मी स्वतः उचलून शेजारी दिली, तुम्हाला मोह नको म्हणून. आम्हीही लिंबू सोडलं. मला वाटायचं, केवढा हा त्याग. तुम्ही ताटावर बसायचात, घास चिवडत राहायचात.

"मीठ नाय, लिंबू नाय. मंग जेवाचा कनाला गो?"

"जगायला, आई."

हे उत्तर मी किती तोऱ्यात दिलं होतं.

एका शनिवारी तुम्ही ओटीवर बसला होतात. हरेश दाराला लिंबू-मिरची बांधत होता, दर शनिवारी बांधतो तशी. तुम्ही बराच वेळ वर बघत राहिलात आणि मग आतल्या मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "दाराला दर शनवारी लिंबू. मी दारापरीस गेली." हरेश हसला. मीही हसले. तुमच्या बोलण्यावर हसायची आम्हाला सवयच होती.

त्यानंतर काही दिवसांनी मोरीत पिळलेलं अर्धं लिंबू सापडलं. मी ते चिमटीत धरून थेट तुमच्यासमोर आले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहायचं धाडस नाही. "आम्ही तुमच्यासाठी मरमर मरायचं आणि तुम्ही चोरून खायचं" एवढं वाक्य लिहिते, त्यावरून बाकीचं येईल. तुम्ही म्हणालात, "मी नाय खाल्ला." मी म्हटलं, मग काय भुताने खाल्लं? तुम्ही पलीकडे तोंड करून झोपलात. रात्री जेवताना हरेशने कबूल केलं. मित्राकडून आणलेली सुरमई त्याने दुपारी एकट्याने गरम करून खाल्ली होती, वर लिंबू पिळून. मी त्याला झापलं. तुमची माफी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं.

माफी राहिलीच. कारण तिसऱ्याच दिवशी मी तुमचे रिपोर्ट दाखवायला वाशीला गेले. एकटीच गेले, तुम्हाला दम लागत होता म्हणून. तिथे आहार सांगणारी एक मुलगी नवीन आली होती, आर्याहून फार मोठी नसेल. तिने तुमचं वजन बघितलं. "आजी जेवत नाहीत का?"

"चव लागत नाही म्हणतात."

"मग लिंबू पिळून द्या ना."

मी रिपोर्ट परत तिच्यापुढे सरकवला.

"मीठ कमी केलं की आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. वरणावर, भाजीवर, माशावर लिंबू. मिठाची उणीव जाणवत नाही. लोणचं नको, त्यात मीठ असतं. प्रत्येकाचं वेगळं असतं, पण आजींच्या रिपोर्टला अर्धं लिंबू आरामात चालेल." आणि मग अगदी सहज विचारलं, "देत नव्हता का तुम्ही?"

"देते की," मी म्हटलं. "अधूनमधून."

ते पहिलं खोटं. बाहेर येऊन मी मार्केटातून चार लिंबं घेतली. कागदी, पातळ सालीची, तुम्ही निवडली असतीत तशी. रिक्षात ती मांडीवर धरून मी वाक्य जुळवत होते. आई, एक गंमत सांगू का. नाही, तसं नको. आई, डॉक्टरांनी आता लिंबू चालू केलंय. हे बरं होतं. यात माझी चूक कुठेच येत नव्हती. एवढं साधं खोटंही मला पुरलं असतं, आणि तुमचं ताट परत मिळालं असतं.

घरी आले तर शेजारच्या काकी बसलेल्या. तुम्ही पलंगावर. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अशी सून मिळायला नशीब लागतं. पथ्याचा काय कडक सांभाळते!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेत दोन दिवसांपूर्वीचं अर्धं लिंबू होतं, मला तरी ते दिसलं.

"काय बोलला डॉक्टर?" तुम्ही विचारलंत.

"तेच पथ्य चालू ठेवायचं, म्हणाले."

"लिंबू पन?"

तुम्ही स्पष्ट विचारलंत, आई. मला विसरायला जागाच ठेवली नाहीत.

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं? मी गेले तेरा दिवस याचं उत्तर शोधते आहे आणि दर वेळी तेच घाणेरडं उत्तर हाती येतं. मला हरायचं नव्हतं. काकींसमोर नाही, तुमच्यासमोर तर नाहीच. कोमट पाण्यात हरले होते, लाल माठात हरले होते, ते कोणाला कळलं नव्हतं. हे सगळ्यांना कळलं असतं. चार महिन्यांचं माझं पथ्य म्हणजे नुसता आडमुठेपणा होता, हे तुम्ही आयुष्यभर गल्लीत सांगितलं असतंत, हसून, पदर तोंडाला लावून. तुमच्या त्या हसण्याला मी भ्यायले. आज ते ऐकायला काय वाटेल ते देईन.

ती चार लिंबं मी लॅबच्या पिशवीत ठेवली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी पाणी गेलं होतं. संध्याकाळी आर्याचा क्लास. एकदा दिवस टळला की दुसऱ्या दिवशी "हे कालच का नाही सांगितलं" हाही प्रश्न आला, आणि चौथ्या दिवशी तर तो लिंबाहून मोठा झाला.

पाचव्या दिवशी मी एक युक्ती केली. न सांगता सुरुवात करायची. तुमच्या वरणात गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस घातला आणि बिया गाळून घेतल्या, पुरावा नको म्हणून. तुम्ही पहिला घास घेतलात. थांबलात. वाटी हातात घेतलीत आणि माझ्याकडे बघितलंत.

"आज वरनात काय टाकलंस?"

"काही नाही. नेहमीचंच."

तुम्ही वाटी संपवलीत. परत वरण मागितलंत. चार महिन्यांत पहिल्यांदा. भात संपला तसं बोटाने वाटी पुसून घेतलीत. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते.

आणि दुसऱ्या दिवशी मी लिंबू घातलं नाही. तुम्हाला कळलंय असं मला वाटलं. आणखी एकदा घातलं तर तुम्ही बोलून दाखवाल, आणि मग सगळंच उलगडेल. त्या दिवशी तुम्ही पहिला घास घेऊन थोडा वेळ थांबलात. मग खाली बघून जेवलात, जेवढं गेलं तेवढं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात हलकट गोष्ट कोणती असं कोणी विचारलं, तर मोरीतल्या लिंबावरून केलेला तमाशा मी सांगणार नाही. ही दुसऱ्या दिवशीची वाटी सांगेन.

पुढच्या आठवड्यात पुष्पाताई तुम्हाला त्यांच्या सासरी, मोरा बंदराला घेऊन गेल्या. लेकीकडे चार दिवस. मला हायसं वाटलं. जाताना मी ताईंच्या हातात पथ्याचा कागद दिला, खालच्या ओळीसकट. पण मनात म्हटलं, तिथे आई खातीलच. ताईंचं घर धक्क्यापासून दोन पावलांवर, रोज ताजी मासळी, आणि लेक म्हटल्यावर लाड होणारच. माशावर लिंबू पिळलं जाईल, आई चोरून का होईना खातील, आणि मला माहीत नसल्यासारखं करता येईल. मी तुम्हाला चोर म्हटलं होतं ना? आता तुम्ही खरंच चोरी करावी म्हणून मी देवाला हात जोडत होते.

तुम्ही परत आलात. चार दिवसांनी दुपारी छातीत दुखलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, पथ्याचा संबंध नाही, तुम्ही तर खूप काळजी घेतलीत. मला माहीत आहे की लिंबाने तुम्ही वाचला नसतात. वाचवण्याचं हे नाहीच. एकोणीस दिवस तुम्ही दोन वेळा ताटावर बसलात, आणि मी समोर उभी राहून तुम्हाला बेचव खायला घातलं. एवढंच आहे हे.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला तेव्हा माझ्या पर्समध्ये एक लिंबू होतं. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी ठरवून गेले होते. कावळा शिवणार नाही. सगळे एकेक वचन देतील. हरेश म्हणेल वरचा मजला बांधतो, ताई म्हणतील आर्याला शिकवू. तरीही तो शिवणार नाही. मग मी सगळ्यांसमोर पुढे होईन, लिंबू कापून पिंडावर पिळेन आणि मोठ्याने सांगेन. गर्दीत सांगून टाकलं की परत फिरता येत नाही.

कावळा लगेच आला, आई. आम्ही दहा पावलंही मागे सरकलो नव्हतो. आला, भाताला चोच लावली, उडाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणीतरी म्हणालं, म्हातारी समाधानाने गेली, काही मागं राहिला नाय. काकींनी मला जवळ घेतलं. "राहील कसा? अशी सून होती." मी पर्सची चेन बंद केली.

तेव्हा तुम्ही मला सोडून दिलंत की काय, असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, नाही, हे अजून वाईट आहे. आता मला कोणी विचारणारच नाही. एकच आधार उरला होता. मोरा. चार दिवस तरी तुम्ही लेकीकडे पोटभर, चवीने जेवला असाल. एकोणिसातले चार वजा. मी तो हिशोब रोज करायची, जपमाळ ओढावी तशी.

आज सकाळी सुतक संपल्यावर घरात पहिल्यांदा मासळी आली. ताईंनीच आणली, तुम्हाला आवडायचं तसं पापलेट. त्या मोरीशी बसून साफ करत होत्या, मी शेजारी कांदा चिरत होते.

"वैनी, लिंबू हाय का घरात?"

"नाही ताई. आणलं नाही मी... बरेच महिने."

"हां, आईमुलं." ताईंनी खवलं काढता काढता मान हलवली. "माझ्याकडं आली तवा पन तेच. मी असाच पापलेट तलला, वरती लिंबू पिलाला घेतला, तर माजा हातच धरला. नको बोल्ली. मी बोल्ले, आई, हितं कोन बघतंय, खा थोडा. तर काय बोल्ली माहीत हाय? 'माजी सून लॅबमदी हाय, तिला कलतं. तिनं नाय सांगितलाय तर त्यात कायतरी असंल. पोर माज्यासाठी सोता पन लिंबू खात नाय. तिच्या माघारी खाल्ला तर मना घास उतरंल का?' चार दिस हात नाय लावला. कवरा विश्वास होता तुज्यावर!"

ताई हे माझं कौतुक म्हणून सांगत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी मनगटाने नाक पुसलं.

माझ्या हातातली सुरी खाली ठेवली गेली. मग मी बोलले. वाशीची मुलगी, "देते की," पलंगावर बसून तुम्ही विचारलेला प्रश्न, वरणाची वाटी, दुसऱ्या दिवशीची वाटी. सगळं क्रमाने सांगितलं, लॅबचा रिपोर्ट वाचावा तसं, कारण तसं नसतं सांगितलं तर सांगताच आलं नसतं. ताईंचे हात पाण्यात तसेच राहिले होते. नळ चालू होता. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी नळ बंद केला. मासे ताटात काढले, एकेक करून. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना कनाला सांगतेस? तिनं इचारला होता ना तुला? तिला सांगाचा होता."

आणि मीठ-हळद लावायला उठल्या. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. ताईंनी मला वाढलं, सगळ्यांना वाढलं तसंच, तेवढंच. त्या हरेशला काही बोलल्या नाहीत. ते मीच बोलायचं आहे, हे त्यांनी न बोलता माझ्यावर सोडलं आहे. मी आज रात्रीच बोलणार आहे, उद्यावर टाकणार नाही.

पण ताई म्हणाल्या ते खरं आहे. मी हरेशला सांगेन, काकींना सांगेन, गल्लीतल्या प्रत्येक बाईला दारात गाठून सांगेन. त्या चिडतील, नाहीतर "जाऊ दे गो" म्हणतील, आणि मला थोडं हलकं वाटेल. ज्या माणसाने मला विचारलं होतं, त्याला सांगायला माझ्याकडे एकोणीस दिवस होते.

तुम्ही पलंगावर बसून विचारलं होतंत, "लिंबू पन?"

नाही, आई. लिंबू बंद नाही. खा तुम्ही.